पक्षी परत का येतो? बाज, बहिरी, शिकरा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

साताऱ्याच्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा. दुबईला डेझर्ट सफारीत त्यांनी ससाण्याचा खेळ पाहिला. सोडलेला पक्षी आभाळात उंच गेला, आणि थोड्या वेळानं मुकाट माणसाच्या हातावर येऊन बसला. तो उडून का गेला नाही? त्याला उपाशी ठेवतात हे खरं का? बाज, ससाणा, शिकरा ही एकाच पक्ष्याची नावं की वेगवेगळ्या? आणि शेवटी, जरा चाचरत: "आमच्या घरामागच्या निलगिरीवर शिकऱ्याचं घरटं आहे. त्यातलं एक पिल्लू काढून शिकवलं तर?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नको. का नको ते पुढे येईलच, आणि त्यात कायदा हे एकच कारण नाही. बाकीचे प्रश्न मला वाटतं एकाच प्रश्नात मिसळले आहेत: मोकळा पक्षी परत का येतो? हे कळलं की उपासमारीचंही कळतं आणि पिल्लाचंही.

मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहते आणि अकरा वर्षं हॅरिस हॉक या शिकारी पक्ष्याची एक मादी उडवते. तिचं नाव ठमी. माझा हात बसलाय तो याच जातीवर. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मी हे शिकले, त्यांच्या नर गॉसहॉकबरोबर (गॉसहॉक म्हणजे आपला बाज) दोन हंगाम काढले. बहिरी आणि इतर ससाणे मी मित्रांचे पाहिलेत, स्वतः तयार केलेले नाहीत. त्यामुळे इथलं बरंच काही जातीवर, हवेवर आणि पक्षी कुठून आला यावर अवलंबून आहे, हे धरून वाचा.

आधी नावं. मराठीत आपण 'ससाणा' आणि 'बाज' सरसकट वापरतो. बाजदारांच्या, म्हणजे हे पक्षी बाळगणाऱ्यांच्या भाषेत ती दोन वेगळी घराणी आहेत. जुने मीरशिकार, म्हणजे शिकारी पक्षी शिकवणारे जाणकार, डोळ्यांवरून भाग पाडत. सियाह-चश्म म्हणजे काळ्या डोळ्यांचे: बहिरी, शाहीन, लग्गड, चरग, तुरुमती. गुलाब-चश्म म्हणजे पिवळ्या-तांबड्या डोळ्यांचे: बाज, बाशा, शिकरा. कुमाऊंच्या रुद्रदेव राजाच्या 'श्यैनिकशास्त्र' या संस्कृत ग्रंथातही हीच विभागणी कृष्णाक्ष आणि पाटलाक्ष अशी येते. गंमत म्हणजे डोळ्यांचा रंग बघून केलेली ही वाटणी आजही टिकते. 2008 च्या सुमारास डीएनएचा मोठा अभ्यास झाला, त्यात काळ्या डोळ्यांचे ससाणे हे बाजांपेक्षा पोपटांच्या आणि चिमण्यांच्या जवळचे निघाले. बाज आणि बहिरी सारखे दिसतात ते सारखा धंदा केल्यामुळे.

धंद्याची रीत मात्र दोघांची वेगळी. ससाण्यांचे पंख लांब आणि टोकदार. ते मोकळ्या आभाळात उंच चढून खाली सूर मारतात. बहिरीचा सूर ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. त्यांच्या वरच्या चोचीला दातासारखी खाच असते, तिनं ते सावजाची मान मोडतात. बाज, शिकरा यांचे पंख आखूड, शेपटी लांब. झाडीतून वळणं घेत थोडक्या अंतराची झडप घालायची आणि पंजानं आवळून मारायचं, हा त्यांचा खाक्या. हॅरिस हॉक या दोन्हींत बसत नाही. अमेरिकेच्या नैऋत्य भागापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत राहणारा हा रुंद पंखांचा पक्षी टोळीनं शिकार करतो, म्हणून माणसाशी चटकन जुळवून घेतो. विम्बल्डनच्या कोर्टांवरची कबुतरं हाकलणारा रूफस हा हॅरिस हॉकच.

नर-मादीची नावंही वेगळी, कारण या पक्ष्यांत मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते आणि दोघांची कामं बदलतात. गॉसहॉकची मादी ती बाज, नर तो जुर्रा. शिकरा हे नाव खरं तर मादीचं, तिचा नर चिपक. आपण मात्र 'तो शिकरा' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीतही फाल्कन म्हणजे काटेकोरपणे मादीच, नराला टिअर्सेल म्हणतात. हा शब्द 'तिसरा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, नर तिसऱ्या हिश्शानं लहान म्हणून.

आणि बहिरी ससाणा बहिरा नसतो हो! शाळेत असताना मला खरंच तसं वाटायचं. 'बहर' म्हणजे अरबीत समुद्र, बहरी म्हणजे समुद्रावरचा, कारण हिवाळ्यात हा पक्षी लांबून स्थलांतर करून किनाऱ्यांवर उतरतो. 'ससाणा' या शब्दात मात्र आपला ससा बसलेला आहे. संस्कृतात श्येनाचं, म्हणजे ससाण्याचं, एक नाव शशादन, ससे खाणारा. हा सगळा कारभार मोगलांनीच आणला असंही समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये राजाच्या करमणुकींत श्येनविनोद आहे. हे कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून फार लांब नाही.

आता मूळ मुद्दा. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी घेऊन उठलेल्या माणसाला वडापाव दाखवून बघा. तो तुमच्यावर रागावलेला नसतो, त्याला फक्त वडापाव नको असतो. शिकारी पक्ष्याचं असंच आहे. रानातही पोट भरलेला पक्षी शिकार करत नाही. फांदीवर बसून पिसं साफ करत राहतो, कधी दिवसभर. प्रत्येक झडपेत ताकद जाते आणि इजा होण्याचा धोका असतो, तेव्हा गरज नसताना तो उडतच नाही. त्यामुळे भरल्या पोटाच्या पक्ष्याला हातावर बोलावणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

म्हणून आमचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे स्वयंपाकघरात असतो तसा ग्रॅम दाखवणारा काटा, वर एक आडवी दांडी बसवलेला. ठमी हंगामाबाहेर पोटभर खाते तेव्हा 1050 ग्रॅम भरते. तिचं उडायचं वजन 925 च्या आसपास. म्हणजे साधारण 12 टक्के कमी. या वजनाला तिच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवलं तर दोन्ही बाजूंना स्नायू गोल, भरलेला लागतो. हाड धारदार लागलं तर पक्षी वाळलाय, आणि अशा पक्ष्याला उडवणारा बाजदार नव्हे. उपाशी पक्ष्यात सावजाचा पाठलाग करायची ताकदच उरत नाही. आम्हाला हवी असते चार वाजता चहाबरोबर काहीतरी खावंसं वाटतं तेवढी भूक. इथे 'यारक' असा एक शब्द आहे, तो हिंदुस्थानातल्या बाजदारांकडून इंग्रजीत आला. गॉसहॉक यारकवर आला म्हणजे अंगात बळ आणि पोटात भूक दोन्ही बरोबर जुळली: डोक्यामागची पिसं उभी, नजर टोकदार, पंजा हातमोज्यावर घट्ट.

हा आकडा कायमचा नसतो. थंडी पडली की पक्षी अंगातली ऊब राखायला जास्त खर्च करतो, मग एका रात्रीत 20-25 ग्रॅम उतरतात आणि खाणं वाढवावं लागतं. हवा उबदार झाली की तेच वजन जड पडतं. पक्षी जुना, अंगात जोम आलेला असेल तर पहिल्या वर्षीपेक्षा वरच्या वजनाला तो छान उडतो. रोज ठराविक वेळेला वजन, शेजारी हवामान, काय खाल्लं, कसा उडाला, हे वहीत लिहायचं. माझ्या अकरा वह्या आहेत. आमच्या घरी त्यांना ठमीची कुंडली म्हणतात.

एकदा मी वहीचं ऐकलं नाही. पाचव्या वर्षाचा ऑक्टोबर, लख्ख ऊन. काटा 966 दाखवत होता. चाळीस ग्रॅम म्हणजे कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू, एवढ्यानं काय होतंय असं म्हणून मी तिला शेतावर नेलं. ती सुंदर उडाली, ओकच्या शेंड्यावर बसली आणि पिसं विंचरायला लागली. मी शिट्टी मारली, हात वर केला, हातमोज्यावर मांस. तिनं एकदा पाहिलं. ओळख होती, पण मन नव्हतं. मग वाऱ्यावर तरंगत दरी ओलांडून गेली. शेपटीला लावलेल्या ट्रान्समीटरची टिकटिक ऐकत मी दोन मैल चिखल तुडवला, अंधार पडेपर्यंत झाडाखाली उभी राहिले, रात्री गाडीत झोपले. सकाळी उजाडता उजाडता पुन्हा हात वर केला आणि ती सरळ खाली आली, जणू मधली रात्र झालीच नाही. तिला माझी आठवण आली वगैरे मी मानत नाही. रात्रभरात चाळीस ग्रॅम उतरले होते.

तेव्हा उत्तर असं की तो उडून जाऊ शकतो. रोज, प्रत्येक उड्डाणाला. दुबईतला तो पक्षीही जाऊ शकत होता. परत येणं त्याला परवडतं म्हणून तो येतो, आणि ते परवडत राहील अशी व्यवस्था करणं म्हणजे शिकवणं.

ती व्यवस्था कशी लागते? पहिले दिवस फक्त बसायचं. पायांना चामड्याचे कडे, त्यातून पट्ट्या, पट्टीला दोरी, आणि पक्षी डाव्या हातमोज्यावर. दिवे मंद, टीव्ही चालू, आपण त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, कारण रानात रोखून बघणारा डोळा शिकाऱ्याचाच असतो. पक्षी हातावरून उसळून उलटा लटकतो. हळूच छातीला आधार देऊन पुन्हा वर बसवायचं. शंभर वेळा लटकला तर शंभर वेळा. हातावर मांसाचा तुकडा तसाच ठेवलेला. ज्या क्षणी तो मान खाली घालून पहिला घास घेतो, तिथे अर्धी लढाई संपली, कारण खाताना नजर खाली जाते आणि तुमच्यासमोर नजर खाली घालायला त्याला आता भीती वाटत नाही. ठमीनं यासाठी दोन संध्याकाळी घेतल्या. गॉसहॉकला आठवडाही लागतो.

मग एक पाऊल पुढे येऊन खाणं, मग वीतभर उडी, मग दोरीच्या लांबीइतकी. त्यानंतर लांब हलकी दोरी बांधून मैदानात 10 मीटर, 20, 40. शिट्टी मारताच, मागेपुढे न बघता तीन-चार दिवस आला की दोरी सोडायची. हॅरिस हॉक तीन-चार आठवड्यांत इथवर येतो. दोरी सोडायचा दिवस कितव्यांदाही असो, माझ्या पोटात गोळा येतोच.

या काळात पक्ष्याचं अंग वाचता यायला हवं. बाजदारांच्या शब्दकोशात एकेका हालचालीला स्वतंत्र शब्द आहे, याचं मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर कळलं की पक्ष्याच्या चेहऱ्यावर भाव नसतात, म्हणून सगळं अंगावरून ओळखावं लागतं. सगळी पिसं फुलवून अंग झाडलं, त्याला राउझ म्हणतात: स्वस्थ आहे, निघायला तयार. चोच हातमोज्यावर दोन्ही बाजूंनी पुसली, ते फीकिंग: जेवण झालं, समाधान आहे. एक पाय पोटात घेतला, विश्वास. पिसं अंगाशी चपटी, मान उंच: घाबरलाय, आज पुढे जाऊ नका. खाण्यावर पंख पसरून झाकलं, ते मँटलिंग: तुम्ही हिसकावून घ्याल असं वाटतंय, म्हणजे आधी कधीतरी तुम्ही हिसकावलंय.

ही शेवटची गोष्ट फार सांभाळायची. पक्षी सावजावर असला तर ते ओढून घ्यायचं नाही. शेजारी हातमोज्यावर त्याहून चविष्ट घास दाखवायचा, तो हातावर आला की सावज हळूच पिशवीत. आपलं लुटलं गेलं असं त्याला वाटता कामा नये. आणि शिक्षा हा शब्द विसरायचा. कुत्र्याला दटावलं तर तो शेपूट घालतो, कारण त्याच्या रक्तात कळपाचं जगणं असतं. या पक्ष्याला दटावलं तर त्याच्या हिशेबात एवढंच नोंदलं जातं की ही बाई धोक्याची आहे. ती नोंद पुसायला महिने लागतात.

तुम्ही पाहिलेला खेळ ससाण्याचा, त्यामुळे तिथलं तंत्र थोडं वेगळं. ससाण्याला हातापेक्षा लुअरवर बोलावतात: दोरीला बांधलेली पंखांची जुडी, तिला मांस. अरबीत तिला तिलवाह म्हणतात. ती गरगर फिरवायची, ससाणा सूर मारतो, ऐन वेळी हिसका देऊन चुकवायची, आणि शेवटी पकडू द्यायची. डोक्यावर टोपी घालतात ती अंधारात पक्षी शांत राहतो म्हणून. आखातात तिला बुरका म्हणतात, युरोपात ती अरबांकडून गेली, आणि इथल्या दुकानांत एक घाट आजही 'अँग्लो-इंडियन' या नावानं विकतात. पायातले घुंगरू लाहोरचे चांगले, असं माझे गुरूसुद्धा म्हणायचे. अमिरातीत ससाण्यांना 2002 पासून पासपोर्ट मिळतात आणि अबू धाबीत त्यांच्यासाठी वेगळं रुग्णालय आहे. बाजदारीला 2010 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्या यादीत आता 24 देश आहेत. पाकिस्तान आहे, भारत नाही.

आता तुमच्या निलगिरीकडे येते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले शिकारी पक्षी पकडणं, पाळणं, घरट्याला हात लावणं, सगळं गुन्हा आहे. इथे इंग्लंडातही परवान्याशिवाय रानातला पक्षी धरता येत नाही. ठमी पिंजऱ्यात जन्मलेली, आणि तिच्या पायात बिनजोडाची कडी आहे. ती कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात जाते, नंतर पंजा मोठा होतो आणि घालता येत नाही. म्हणून ती जन्माचा पुरावा.

पण समजा कायदा नसता, तरी मी नकोच म्हटलं असतं. घरट्यातून लवकर काढलेल्या पिल्लाला बाजदार आशियानी म्हणत. असं पिल्लू माणसालाच आईबाप समजतं. मोठं झालं तरी तुम्हाला बघून दिवसभर किंचाळतं, घास मागतं, आणि वयात आल्यावर तुमच्याच तोंडावर झडप घालतं, कारण आता तुम्ही त्याच्या हद्दीतले प्रतिस्पर्धी. शिवाय शिकरा शे-दीडशे ग्रॅमचा जीव. ठमीच्या बाबतीत दहा ग्रॅमची चूक म्हणजे एक वाया गेलेली संध्याकाळ. शिकऱ्याच्या बाबतीत तीच चूक म्हणजे सकाळी जाळीच्या तळाशी मेलेला पक्षी. जुने मीरशिकार त्याला मुठीत धरून भाल्यासारखा फेकत, गळ्यात जंगोली नावाची रेशमी दोरी घालून. त्यामागे पिढ्यांची सवय होती.

माझंही पहिल्या वर्षी चुकलं होतं. ठमीची शेपटीची पिसं अजून वाढत होती आणि मी घाईनं वजन उतरवलं. वाढत्या पिसाला चार दिवस खाणं कमी पडलं की त्यावर आडवी फिकट रेघ उमटते, भुकेची रेघ. पीस तिथेच कमजोर होतं. डिसेंबरात दोन पिसं बरोबर त्या रेघेवर मोडली. ब्रीडरनं त्याच्याकडची जुनी पिसं दिली. पोकळ देठात बांबूची तासलेली काडी आणि गोंद घालून आम्ही ती सांधली. पुढचा हंगाम येईपर्यंत माझी चूक तिच्या शेपटीवर सगळ्यांना दिसत होती.

तुम्हाला करण्यासारखं बरंच आहे, आणि ते फुकट आहे. मार्च ते जून शिकऱ्यांची वीण. लांबून दुर्बिणीनं बघा. लहानखुरा चिपक खार, सरडा, चिमणी घेऊन येतो, जवळच्या फांदीवरून हाक मारतो, मादी येऊन ते घेऊन जाते. त्याचे डोळे गडद लाल, तिचे जरा पिवळसर. पिल्लं घरट्याबाहेर फांद्यांवर बसू लागली की एखादं जमिनीवर पडलेलं दिसेल. उचलू नका, बहुतेक वेळा आईबाप वरच असतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. खरंच जखमी असेल तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

मधल्या काळात रोज एक वही लिहा: किती वाजता आला, काय आणलं, कोण ओरडलं. पुढेमागे शिकायला किंवा नोकरीला इकडे आलात तर एखाद्या बाजदाराबरोबर एक पूर्ण हंगाम नुसतं चालायला मागा. पक्षी मागू नका. ती वही दाखवलीत तर कोणी नाही म्हणणार नाही.

ठमी सध्या पिसं टाकतेय. एप्रिल ते सप्टेंबर ती तिच्या खोलीत मोकळी असते, हवं तेवढं खाते, मी खाणं ठेवायला गेले की मला ओळख दाखवत नाही. गळलेली पिसं मी क्रमानं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. काटा कपाटात आहे. सप्टेंबरात तो पुसून ओट्यावर येईल, आणि मग आमची ओळख पुन्हा पहिल्या घासापासून सुरू.